द्राक्षाच्या पंपाने घडलेलं छत

मित्रांनो, मी अंबडच्या एका रो-हाउसमधलं जुनं खडबडीत छत आहे. छत आपलं म्हणायला. सध्या माझा मुक्काम अंगणातल्या तीन गोण्यांत आहे.

बारा वर्षांपूर्वी समाधानने कारखान्यातल्या नोकरीवर हे घर बांधलं. छताला दाणेदार नक्षी करायची तेव्हा मोठी टूम निघाली होती. कारागीर कशाला हवा, असं म्हणत त्याचे वडील बहिरूआबा दिंडोरीहून द्राक्षांवर औषध मारायचा पंप घेऊन आले. दोनदा धुतला हं आधी! मग त्यात व्हाइट सिमेंट आणि खडूची भुकटी कालवून भरली. पंप कसला ऐकतोय? त्याचं तोंडच चोंदलं. आबांनी रागाने पुढची जाळी काढून टाकली आणि जोर लावला, तसे टपोरे थेंब उडून वर चिकटले. झाला माझा जन्म! आबा कपाळाला हात लावून बसले, पण सून सुवर्णा मात्र वर बघतच राहिली. वास्तुशांतीला आलेला जो तो विचारायचा, कारागीर कुठला? आबा मिशीत हसायचे आणि माझा ऊर भरून यायचा.

काय दिवस होते ते! आबांच्या नातीचा, रूपालीचा पाळणा माझ्याखालीच हलला. पुढे ती आडवी पडून माझ्यात ससे नि बदकं शोधायची. मला तिचा फार लळा लागला.

पण माझ्या खाचाखोचांत धूळ साचायची. सुवर्णा दसऱ्याला बांबूला केरसुणी बांधून झाडायची, पण दाण्यांत अडकून केरसुणीच तुटायची. शेवटी तिने नाद सोडला. रूपाली दहा वर्षांची झाली आणि तिला दम लागू लागला. छाती शिट्टीसारखी वाजायची. डॉक्टरांनी घरातली धूळ काढायला सांगितली, तेव्हा सगळ्यांनी आधी माझ्याकडेच बघितलं. पण आबांच्या हातचं काम काढायचं कसं? त्यांना वाईट वाटेल म्हणून समाधानने पोरीचं अंथरूण नक्षी नसलेल्या स्वयंपाकघरात हलवलं. खरं सांगायचं तर, मला बोलता आलं असतं तर मीच म्हटलं असतं, काढा मला.

गेल्या महिन्यात आबा आले. ओट्याजवळ गादी बघून त्यांनी कारण विचारलं. रूपालीच म्हणाली, "आबा, छताच्या धुळीने मला दम लागतो. पण तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलंय."

आबा मुलाला म्हणाले, "पोरीच्या जिवापुढं माझं छत लय मोठं हाय का रे?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी नातीला शेजारी पाठवलं, धूळ उडू नये म्हणून मला पाण्याने भिजवलं आणि खुरप्याने स्वतः खरवडून गोण्यांत भरलं. मला वाईट वाटलं नाही असं नाही. वाटलंच.

मित्रांनो, आपल्या माणसाच्या हातची वस्तू जपा, तिची वेळच्या वेळी झाडलोट करा. पण तिचा कुणाला त्रास होऊ लागला, तर त्या माणसाला सरळ सांगा. परक्यासारखं लपवू नका.

काल दुपारी मी गोणीतून खिडकीत डोकावलं, तर रूपाली आपल्या खोलीत साध्या, सपाट छताखाली झोपली होती. आबा उशाशी बसून कान देऊन ऐकत होते. तिची छाती वाजली नाही.