पाण्याचं वजन

टेव्हिन ब्रुसार्ड वजनकाट्यावर चढला तेव्हा त्याच्या पोटात पाणी डुचमळत होतं. गडी उंचापुरा, पण अमेरिकन फुटबॉलच्या मानाने सडसडीत. आणि त्याला खेळायचं होतं बचावाच्या मधल्या फळीत, जिथे रेड्यासारखे गडी छातीवर घ्यावे लागतात. दोनशे वीस पौंडांच्या खाली भरलास तर एकही व्यावसायिक संघ ढुंकून बघणार नाही, असं कोच एबेअर त्याला महिनाभर बजावत होते. खाऊन खाऊन तोंड विटलं, तरी अंगाला काही लागेना. शेवटी त्या सकाळी तो नुसतं पाणी ढोसत राहिला.

काटा दोनशे एकवीसवर थांबला. मोठ्या संघांकडून आलेल्या पारख्यांनी आकडा टिपला.

वेगाच्या चाचणीची धाव दुपारी होती, तोवर पाणी उतरलं असतं. पण आभाळ भरून आलं, लांबवर विजा चमकू लागल्या. छोटं कॉलेज, छपराचं मैदान कुठलं असायला? पारखी म्हणाले, धाव आत्ताच उरकू. आडनावांच्या क्रमाने पहिलं नाव ब्रुसार्डचंच निघालं. त्याला मुतारीपर्यंत जायलाही सवड मिळाली नाही.

चाळीस यार्ड तो ओल्या पोत्यासारखा पळाला. दुसऱ्या खेपेला अर्ध्यातच पोटात कळ आली. कसाबसा रेघ ओलांडून तो भडाभडा ओकला. नुसतं पाणी. पांढऱ्या मिशांच्या एका पारख्याने ते पाहिलं आणि काय ते ओळखलं.

टेव्हिन त्याच्या आडवा गेला. "सर, अजून एकदा. आता पोट रिकामं आहे, खरं सांगतो."

"दोनदाच मिळतं, बाळा," तो म्हणाला. "आणि खरं सांगायचं होतं, तर काट्यावर सांगायचंस."

बाकीच्यांची धाव संपता संपता पाऊस आला. पारखी गाड्यांकडे निघाले. टेव्हिन मात्र पुन्हा रेघेवर जाऊन वाकला. आत चल म्हणून कोचनी हाका मारल्या, तो हलेना. मग त्यांनी वेळ मोजायचं घड्याळ हातात धरलं.

तो सुटला. घड्याळाकडे बघून कोच क्षणभर थबकले, आणि सुटलेलं पोट सावरत गाड्यांच्या दिशेने धावत सुटले. मिशीवाल्याच्या गाडीच्या काचेवर त्यांनी घड्याळ टेकवलं. त्याने आकडा वाचला, मान डोलावली आणि गाडी काढली.

एप्रिलमध्ये व्यावसायिक संघांनी नवे खेळाडू निवडायचा कार्यक्रम टीव्हीवर तीन दिवस चालला. टेव्हिनला लहानाचं मोठं करणाऱ्या बहिणीने, रोशेलने, शेवटच्या दिवशी मोठं पातेलं भरून क्रॉफिश, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंगे, उकडले होते. नावांमागून नावं पुकारली गेली. शेजारी हात धुऊन, त्याच्या खांद्यावर थोपटून एकेक करून निघून गेले.

रोशेल टीव्ही बंद करायला उठली.

"राहू दे ताई," टेव्हिन म्हणाला. "अजून संपलं नाहीये."

संपून बराच वेळ झाला होता. पडद्यावर दोन माणसं निवडलेल्या पोरांबद्दल बोलत होती. रोशेल त्याच्या शेजारी येऊन बसली.