सीझरचा हत्ती, गट नंबर एकशे बारा

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर तात्यासाहेब गाडेकरांनी आधी बोन्साय लावले, ते वाळले. मग बासरी आणली, तेव्हा मुकुंदवाडीतल्या शेजाऱ्यांनी घरी येऊन हात जोडले. शेवटी त्यांना जुन्या नाण्यांचा नाद लागला आणि गल्लीनं देवाचे आभार मानले.

नादही साधासुधा नव्हे. निजामाची नाणी शहरात कुणाच्याही कपाटात निघतात. तात्यासाहेबांना हवा होता थेट ज्युलियस सीझर. जर्मनीत नोकरीला असलेल्या पुतण्यानं, प्रणयनं, तिथल्या एका लिलावात बोली लावली आणि रीतसर जकात भरून सीझर मुकुंदवाडीत दाखल झाला. चांदीचं, करंगळीच्या पेरापेक्षा थोडं मोठं नाणं. एका बाजूला साप तुडवणारा हत्ती आणि खाली लॅटिनमध्ये सीझरचं नाव. दुसऱ्या बाजूला रोमन पुजाऱ्याची उपकरणं.

"पळी दिसतीय," द्वारकाबाई चष्मा सावरत म्हणाल्या. "पंचपात्र कुठंय?"

अशा संसारात माणसानं रसिकता जपायची म्हणजे कठीणच. तरीही तात्यासाहेबांचा त्या नाण्यावर खरोखर जीव जडला. रोज आंघोळ झाली की ते डबी उघडत, हत्ती हातावर घेत आणि सीझरच्या कुठल्याशा शिपायानं हाच हत्ती मुठीत धरला असेल, या विचारात त्यांचा चहा गार होऊन जाई. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण द्वारकाबाईंकडे बघून त्यांचं असं कधी झालं नव्हतं. हे द्वारकाबाईंनीच सांगितलेलं आहे.

दुःख एकच होतं. नाणं दाखवलं की लोक विचारत, कुठून आणलं? लिलावातून, म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, म्हणजे ऑनलाइन का? आणि मग प्रत्येकाला आपण ऑनलाइन मागवलेला मिक्सर आठवे. सीझर राहायचा बाजूला आणि चर्चा चटणीच्या भांड्यावर यायची.

फुलंब्रीजवळच्या त्यांच्या गावी एका लग्नात असंच झालं. पंगतीत कुणीतरी विचारलं, "तात्या, हे कुठं घावलं?" आणि तात्यासाहेबांनी उचलली जीभ लावली टाळ्याला.

"आपल्याच रानात. गट नंबर एकशे बारा. शेततळं खोदताना."

पंगतीतले हात थांबले. वाढपी बादली घेऊन तिथंच उभा राहिला. सरपंच उठून जवळ आले. ज्या गावानं तात्यासाहेबांच्या निवृत्तीचीही दखल घेतली नव्हती, त्या गावानं त्या दिवशी त्यांना आग्रह करकरून तीन जिलब्या जास्त वाढल्या. हत्ती म्हटल्यावर तो आपल्याकडूनच तिकडे गेला असणार, यावर एकमत झालं. साप तर बांधावर रोज दिसतो.

आता थापेला साक्षीदार लागतो. त्यांची शेती बटईनं करणारा कडुबा समोरच जेवत होता. तात्यासाहेबांनी त्याच्याकडे पाहून विचारलं, "व्हय ना रे कडुबा?"

"व्हय," कडुबा म्हणाला आणि भात कालवू लागला. पण महिनाभरात त्या एका 'व्हय'ला फांद्या फुटल्या. टिकाव खण्णकन वाजला, मातीतून वाफ निघाली, बैल बुजले. तात्यासाहेबांनी आपली थाप त्याच्या तोंडून ऐकली तेव्हा त्यांनाही ती खरी वाटली.

फक्त एका माणसाला वाटली नाही. इंद्रजीत साळवे सर इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. शहरातल्या नाणेप्रेमींचं वार्षिक प्रदर्शन तेच भरवत. सर कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नसे. त्यांनी भिंगातून हत्ती बघितला, उलटा केला, परत बघितला.

"नाणं अस्सल आहे, तात्यासाहेब. पण इकडं जमिनीत सापडलेल्या रोमन नाण्यांवर बऱ्याचदा छिन्नीचा घाव असतो. परदेशी नाणं आलं की आपले लोक कापून बघत, आत तांबं तर नाय ना. तुमचा हत्ती अगदीच धडधाकट आहे. नसतो काहींवर घाव, पण मला शंका आहे. 'फुलंब्रीजवळ सापडलेले' अशी चिठ्ठी मी त्याच्यापुढं ठेवणार नाही."

एखाद्यानं तेव्हाच हसून खरं सांगितलं असतं. पण सरपंचांनी गावाच्या वेशीवर लावायच्या कमानीसाठी हत्तीचं चित्र काढायला दिलं होतं. तात्यासाहेब डबी घेऊन थेट सराफ्यात गेले, ओळखीच्या सांडूशेठकडे.

सांडूशेठनं ऐकून घेतलं आणि छिन्नी खाली ठेवली. "तात्या, लोक माझ्याकडं डाग काढायला येतात. तुम्ही पहिलेच, जे चांगल्या मालाला भोक पाडा म्हणताय."

"भोक नाही, घाव. हत्तीच्या पोटावर. एकच."

घाव पडला तेव्हा तात्यासाहेबांनी डोळे मिटले होते. दोन हजार वर्षं त्या हत्तीला कुणी धक्का लावला नव्हता, तो मान त्यांनी मिळवला. क्षणभर वाटलं, हे आपण काय केलं. पण कमान डोळ्यांपुढे आली आणि त्यांनी नाणं खिशात घातलं. पुढचे पंधरा दिवस ते घावात रानातली काळी माती आणि चिंचेचं पाणी चोळत बसले. ताज्या चिरेची चकाकी गेली आणि नाणं अडाणी सराफानं कापल्यासारखं दिसू लागलं. तसं ते होतंच.

"माती नीट निघाली नव्हती, सर," ते साळवे सरांना म्हणाले. "आता ती सुटल्यावर घाव दिसला बघा."

सरांनी बराच वेळ भिंग लावलं. मग भिंग खाली ठेवून हात जोडले. "माझं चुकलं. मी तुमच्यावर उगाच संशय घेतला."

प्रदर्शनात चिठ्ठी लागली. शाल मिळाली, नारळ मिळाला, वर्तमानपत्रात फोटो आला. आणि सरांना तर इतकं अपराधी वाटत होतं, की त्यांनी तात्यासाहेबांसाठी आणखी एक काम न सांगता करून टाकलं. जमिनीत सापडलेलं जुनं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, असा इंग्रजांच्या काळापासूनचा कायदा आहे. सरांनी चिठ्ठीच्या आणि कात्रणाच्या प्रतीसह सुवाच्य अक्षरात अर्ज दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण इथं हात सरांनी धरून दाखवला.

पुढच्या मंगळवारी गट नंबर एकशे बारामध्ये पंचनामा ठरला. गावच्या तलाठी मोनालीताई फाइल घेऊन आल्या. वयानं तात्यासाहेबांच्या मुलीएवढ्या. शेततळ्याच्या कडेला सरपंच, कडुबा आणि अर्धं गाव. नाणं सरकारजमा करायचं, हे कळल्यावर तात्यासाहेबांनी खिशातून मोबाइल काढला. शाल गेली चुलीत. त्यांना हत्ती हवा होता.

"ताई, खरं सांगतो," ते म्हणाले. "हे इथं सापडलेलं नाही. मी विकत घेतलंय. ही बघा पावती."

मोनालीताईंनी तात्यासाहेबांच्या मोबाइलवर लिलावाची पावती उघडली. वर नाण्याचा मोठा स्वच्छ फोटो होता. त्यांनी फोटोतला हत्ती पाहिला, मग हातातला पाहिला.

"काका, फोटोतल्या हत्तीला जखम नाय. हे दुसरं नाणं आहे."

"तेच आहे. जखम मी केली."

"कशाला?"

सगळं गाव कान देऊन उभं होतं. तात्यासाहेबांनी हिय्या केला आणि सराफा, छिन्नी, चिंचेचं पाणी, सगळं सांगितलं. कित्येक महिन्यांनी ते पहिल्यांदाच पूर्ण खरं बोलत होते, आणि एकाचाही विश्वास बसेना.

"तात्या, नाण्यापायी गावाला खोटं पाडता व्हय?" सरपंच दुखावून म्हणाले. "कमानीचं काम निम्मं झालंय."

"माझ्या टिकावाला लागलं ना," कडुबा म्हणाला. त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. एवढ्यांदा सांगून ते त्याला आता आठवायलाच लागलं होतं. "बैल लई बुजले होते, ताई."

मोनालीताई लिहू लागल्या. शोधणाऱ्याचं नाव, कडुबा. जागा, गट नंबर एकशे बारा. वस्तू, पांढऱ्या धातूचं जुनं नाणं एक, त्यावर हत्तीसारखा प्राणी, पोटावर कापल्याची खूण.

"त्यावर सीझर लिहिलंय," तात्यासाहेब हळूच म्हणाले. "निदान तेवढं तरी टाका."

"मला ती अक्षरं वाचता येत नाहीत, काका. दिसतं तेवढंच लिहायचं असतं."

मग फोटो काढायची वेळ आली. कडुबानं हात धोतराला पुसून पुढे केला आणि मोनालीताईंनी हत्ती त्याच्या तळहातावर ठेवला. तात्यासाहेब नकळत जवळ सरकले. एकदा, फक्त एकदा, त्यांना तो हातात घ्यायचा होता.

"काका, तुम्ही जरा बाजूला व्हा," मोनालीताई म्हणाल्या. "फोटोत फक्त ज्याला सापडलं तोच पाहिजे."