झाकण उघडायचं नाही

दवाखान्यातून फोन आला तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. बाजारातून परतताना मिस्त्रीची बायको रस्त्यात कोसळली, ती पुन्हा उठलीच नाही. तो सह्या करून घरी आला तेव्हा दुपार उलटली होती. स्वयंपाकघरातल्या पेटीत तिनं ठेवलेला भात अजून कोमट होता. तो उभ्यानंच खाऊ लागला.

"बाबा, आत्ता?" सून म्हणाली.

"तिनं केलाय. फेकून देऊ?"

पेटी म्हणजे जुना लाकडी खोका. आत गवत आणि फाटक्या रजया. पातेल्याला एक उकळी आली की बायको गॅस बंद करायची, पातेलं खोक्यात ठेवून वर उशी दाबायची आणि झाकण लावायची. उरलेलं उबेवर शिजायचं. मिस्त्री फ्रिज दुरुस्त करणारा. तो तिला हसायचा, "माझा जन्म खोके गार ठेवण्यात गेला, आणि तुझं भलतंच!" ती म्हणायची, "तुमच्या खोक्याला वायर लागते."

महिन्याभरानं, वेगळ्या घरी राहणारा मुलगा विजेचा कुकर घेऊन आला.

"पेटीत झुरळं होतील, बाबा. रविवारी भंगारवाला येतोय. हे बटण दाबा आणि मोकळे व्हा."

"मोकळा होऊन जायचंय कुठं मला?"

"आईची गोष्ट वेगळी. तुम्हाला साधा चहा जमत नाही."

"रविवारी तुमचं जेवण या पेटीत शिजेल. नाही शिजलं तर मीच उचलून देईन भंगारवाल्याला."

गुरुवारी भात कच्चा राहिला. शुक्रवारी वरून चिखल, आतून खडे. चाळीस वर्षं मशीन सुरू केलं की उघडून हात लावून बघायची सवय. दर दहा मिनिटांनी तो झाकण उघडायचा, उशी सारून बोट बुडवायचा.

शनिवारी डबा द्यायला आलेल्या सुनेनं तेच पाहिलं; तिला राहवलं नाही. "बाबा, सारखा फ्रिज उघडणाऱ्या गिऱ्हाइकाला तुम्ही काय सुनावायचात?"

मिस्त्रीचे कान लाल झाले. जे सुनावायचा ते सुनेसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

रविवारी त्यानं भाताला आणि डाळीला उकळी आणली, दोन्ही पातेली पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि त्यावर बसला. अर्ध्या तासात भंगारवाला हजर.

"काका, उठा. खोका न्यायचाय."

"माणूस बसलाय, दिसत नाही?"

"बाबा, शोभतं का हे?" मुलगा चिडला.

"शोभायला मी काय बोहल्यावर बसलोय? जेवायच्या वेळेला उठेन."

भंगारवाला मोडका पंखा घेऊन गेला. मिस्त्री हलला नाही. पाय बधिर झाले, गुडघा ठणकू लागला, हात दोनदा झाकणाकडे गेला. दोन्ही वेळा त्यानं तो मांडीखाली दाबून धरला.

एक वाजता तो उठला. भात मोकळा झाला होता, शीत न् शीत शिजलेलं. मुलगा जेवला आणि त्यानं पुन्हा ताट पुढे केलं.

"डाळ जरा कचकचतेय," तो म्हणाला.

"चाव. आईनं दात दिलेत ना?"

सुनेला ठसका लागला. जेवण झाल्यावर मुलानं कुकर उचलून परत आपल्या गाडीत ठेवला.

पेटी घरात राहिली. हरभऱ्यांना आधी किती उकळायचं आणि आत किती वेळ ठेवायचं, हे बायकोनं कुठं लिहून ठेवलेलं नाही. मिस्त्रीला ते अजून जमलेलं नाही.