दुसऱ्या छपाईतलं नाव

मित्रांनो, मी एक जुना ट्रम्पेट आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, मी आता वाजत नाही. नांदगावात कुसाबाईच्या घरी भांड्यांच्या मांडणीवर, दोन तांब्यांच्या मध्ये माझी जागा आहे. येणारा-जाणारा विचारतो, 'ही पिपाणी इथं कशाला ठेवली?' पिपाणी म्हटलं की मला अजून राग येतो. चाळीस वर्षं मी लग्नं वाजवली आहेत. एका रेकॉर्डवर माझा आवाज आहे. ती रेकॉर्ड कुणी घेतली नाही, ही गोष्ट वेगळी. खरं म्हणजे तीच गोष्ट मला सांगायची आहे.

माझा जन्म मेरठचा. पितळेचा पत्रा ठोकून, वाकवून, घासून मला घडवलं. तिथून मी मालेगावच्या एका दुकानात आलो आणि तिथून कोंडाजी सोनवणे नावाच्या माणसानं मला नांदगावला आणलं. त्याच्या मुलाला, नाथाला, वाजवायचा नाद होता. नाथाचे ओठ पहिल्यांदा माझ्या तोंडाला लागले तेव्हा असा काही आवाज निघाला की गोठ्यातली म्हैस दावं तोडून पळाली. पण पोरगं चिकाटीचं होतं. दोन वर्षांत ते झुंबरशेठच्या बँडमध्ये लागलं.

बँडचं नावच 'झुंबर ब्रास बँड, नांदगाव'. नाथाच्या लाल कोटावर तेच नाव, टोपीवर तेच, ढोलावर तेच. झुंबरशेठला स्वतःला साधी शिट्टीही वाजवता येत नव्हती, पण धंदा कळत होता. त्याचा एक नियम होता. वरातीत कुणी नाव विचारलं, तर वाजवणाऱ्यानं स्वतःचं नाव सांगायचं नाही, बँडचं सांगायचं. नाहीतर गिऱ्हाईक परस्पर माणसालाच गाठतं. चाळीस वर्षं नाथानं हा नियम पाळला. हातात कागद-पेन घेऊन कुणी समोर आलं की त्याच्या तोंडून आपोआप निघायचं, 'झुंबर ब्रास बँड, नांदगाव.' ही सवय लक्षात ठेवा, मित्रांनो. सगळं तिथंच फसलं.

वरातीत आम्ही नाचायची गाणी वाजवायचो, ते कुणालाही जमतं. नाथाचं खरं कसब पाठवणीच्या वेळचं. मुलगी आईच्या गळ्यात पडली की तो मला हळूच वर उचलायचा आणि असा लांब, थांबत थांबत सूर काढायचा की नवऱ्याकडची माणसंसुद्धा रुमाल शोधायची. अशाच एका पाठवणीला, दिंडोरीत, मांडवाच्या खांबाला टेकून एक मुलगी रडत उभी होती. नवरी तिची कोणी जवळची नव्हती. ती रडत होती ती आमचा सूर ऐकून. तिचं नाव उज्वला.

उज्वला, निकिता आणि शुभांगी या तिघींचा 'लाल गॉगल' नावाचा गाण्याचा गट होता. नाशिकच्या कॉलेजांत तिघींची धमाल चालायची. लाल गॉगल घालून नाचत म्हटलेलं त्यांचं एक गाणं लाखो लोकांनी मोबाईलवर पाहिलं होतं. पण तिघींना त्याचा वीट आला होता. त्यांना आता जुन्या धाटणीचा सोल अल्बम करायचा होता आणि त्यात नाथाचा ट्रम्पेट हवा होता. सोल म्हणजे काय, ते उज्वलानं नाथाला समजावलं. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या देवळातल्या गाण्यांतून निघालेली ही गायकी. एकीनं पोटातून गायचं, दोघींनी मागून साथ द्यायची आणि मध्येच ट्रम्पेटनं बोलायचं. नाथानं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हंजी पाठवणीच की."

उज्वला टाळ्या पिटत म्हणाली, "हो काका! पाठवणीच!"

स्टुडिओ नाशिकला, एका बंगल्याच्या तळघरात होता. पहिला दिवस फुकट गेला. नाथाला एका जागी उभं राहून वाजवता येईना. जन्मभर वरातीत चालत वाजवलेलं, त्यामुळे सूर सुरू झाला की पाय सुरू व्हायचे. यंत्रावर बसलेला संतोष काचेपलीकडून ओरडायचा, "काका, बूट वाजतायत!" शेवटी तिघींनी कुठूनशी एक गोधडी आणली, काकांचे बूट काढले आणि त्यांना गोधडीवर अनवाणी चालू दिलं. चार पावलं पुढे, चार पावलं मागे. अख्खा अल्बम नाथानं असा चालत वाजवला. तसं मी पुन्हा कधी वाजलो नाही. आधीही नव्हतो वाजलो.

एक गोष्ट त्या मुलींना माहीत नव्हती. नाथाचे वरचे पुढचे दोन दात हलत होते. ट्रम्पेट दातांच्या आधारावर वाजतो, मित्रांनो. ते दोन दात गेले की वाजवणारा संपला. नाथाला हे पुरतं ठाऊक होतं. घरून निघताना तो बायकोला, कुसाबाईला, म्हणाला होता, "एवढं एक नीट झालं ना, मग पडूंद्या दात. माझं नाव राहील कुठंतरी छापलेलं."

शेवटच्या दिवशी चहा पिताना उज्वला वही-पेन घेऊन आली. "काका, कव्हरवर छापायचंय. नाव सांगा."

मी नाथाच्या मांडीवर होतो. नाथानं तोंड पुसलं आणि चाळीस वर्षं जे सांगत आला तेच सांगितलं. "झुंबर ब्रास बँड, नांदगाव."

उज्वलानं लिहून घेतलं. संतोष गाडी काढून उभा होता, सगळे घाईत होते. माझं तोंड केवढं मोठं, पण फुंकल्याशिवाय मला बोलता येत नाही. चूक झाली हे नाथाला कळलंसुद्धा नाही.

ते कळलं चार महिन्यांनी. अल्बमचं नाव 'उतरतं ऊन'. हौशी लोक पुन्हा मोठ्या काळ्या रेकॉर्डी घेऊ लागलेत, म्हणून मुंबईच्या एका छोट्या कंपनीनं पाचशे रेकॉर्डी काढल्या. एक नाथाला आली. घरात ती वाजवायला यंत्र नव्हतं, पण नाथाला ऐकायचं कुठं होतं? त्यानं कव्हर मागं-पुढं करून वाचलं. संतोषचं नाव होतं. चहा देणाऱ्याचेसुद्धा आभार होते. आणि 'ट्रम्पेट' या शब्दापुढे छापलं होतं, 'झुंबर ब्रास बँड, नांदगाव'.

नाथानं कव्हर मांडीवर ठेवलं. मग त्यानं स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.

उज्वलाला फोनवर सांगितलं तेव्हा ती रडवेली झाली. म्हणाली, मी येते, तुमच्या कव्हरवर पेनानं लिहून देते. नाथा म्हणाला, "पेनाचं नको पोरी. पेनानं तर मीबी लिहिलं असतं. छापलेलं पाहिजे."

"मोबाईलवर तर काका, फक्त गटाचं नाव दिसतं. पण ह्या पाचशे संपल्या की दुसरी छपाई निघेल. त्यात पहिलं नाव तुमचं. शब्द देते."

तेव्हापासून नाथाचं सगळं लक्ष त्या पाचशे रेकॉर्डींकडे लागलं. दर बाजाराच्या दिवशी तो उज्वलाला फोन करायचा आणि एकच विचारायचा, "किती गेल्या?" पहिल्या महिन्यात एकवीस. दुसऱ्या महिन्यात चौतीस. बँडमधली पोरं त्याला मोबाईलवर लोकांची मतं वाचून दाखवायची. 'ताई, झोप आली.' 'हे काय, दशक्रियेचं गाणं का?' 'गॉगलवालं गाणं टाका परत.' मोठमोठ्या शहरांत बोलावतो म्हणणाऱ्यांनी फोन घेणं बंद केलं. जिथं बोलावलं तिथं लोक अर्ध्यावर ओरडायचे, 'नाचायचं लावा!' तिघी बिचाऱ्या लावायच्या.

कौतुक झालंच नाही असं नाही. एका वर्तमानपत्रानं चांगलं रकानाभर लिहिलं. अल्बम धाडसाचा आहे, पण त्याचा जीव ट्रम्पेटमध्ये आहे. झुंबर ब्रास बँडचा हा सूर काळजाला हात घालतो. झुंबरशेठनं ते कात्रण काचेच्या चौकटीत घालून दुकानात लावलं. येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो म्हणायचा, "आपलाच बँड." नाथा त्या भिंतीखाली बसून कोटाची बटणं शिवायचा. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते मी त्या दुकानात रोज बघितलं.

दिवाळीनंतर पहिला दात पडला, संक्रांतीला दुसरा. झुंबरशेठनं नाथाला काढलं नाही, एवढं मात्र खरं. वरातीत दिव्यांचा अन् भोंग्यांचा गाडा ढकलायला ठेवलं. नाथा मला पिशवीत घालून गाड्याच्या दांडीला अडकवायचा. पुढे एक नवा माणूस चकचकीत ट्रम्पेट वाजवायचा. पाठवणीला तोही वाजवायचा, पण रुमाल कुणी शोधत नव्हतं.

पुढं उज्वला फोन उचलेना. तेव्हा नाथा एस.टी.नं दिंडोरीला गेला. मला घेऊनच. तिच्या वडिलांची द्राक्षबाग आहे, रस्त्यालगत द्राक्षं भरायची पत्र्याची शेड आहे. उज्वला शेडच्या दारातच भेटली. वाळली होती. निकिता पुण्याला नोकरीला गेली, शुभांगीचं लग्न ठरलं, गट मोडला, हे तिनं सांगितलं. नाथानं विचारलं, "किती गेल्या?"

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "निम्म्याच्या वर गेल्या काका. होईल लवकरच दुसरी छपाई."

बाहेर ऊन होतं म्हणून ती पाणी आणायला घरात गेली आणि नाथा सावलीला शेडमध्ये शिरला. तिथे रिकाम्या क्रेटांमागे खोकी रचलेली होती. कंपनीनं परत पाठवलेली. वरचं खोकं उघडंच होतं. पत्र्याच्या उष्णतेनं रेकॉर्डी पापडासारख्या वाकल्या होत्या. नाथानं खोकी मोजली नाहीत. मोजण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्यानं एक रेकॉर्ड काढली, दोन्ही हातांनी दाबून सरळ करून बघितली आणि परत ठेवली.

मग त्यानं मला पिशवीतून बाहेर काढलं. ओठ लावले. चार पावलं पुढे टाकली आणि फुंकलं. नुसती हवा गेली, मित्रांनो. पुन्हा फुंकलं. पुन्हा हवा. माझ्या पोटातून ती फुसकन् निघून गेली आणि मला काहीच करता आलं नाही. आयुष्यात माझी मलाच एवढी लाज कधी वाटली नव्हती.

उज्वला तांब्या घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. तिला हुंदका आवरेना. नाथानंच तिची समजूत घातली. "रडू नको. चांगला माल बी पडून राहतो, पोरी. कांद्याचं काय होतं, बघतेस ना? तू लय गोड गायली व्हतीस." पाणी प्यायला आणि एस.टी.ला निघून आला. पुन्हा त्यानं 'किती गेल्या' विचारलं नाही.

वैशाखात, भर दुपारच्या एका वरातीत, गाडा ढकलता ढकलता नाथा खाली कोसळला. पुढे बँड वाजतच होता, कारण मागं काय झालं ते पुढच्यांना दिसलं नाही. लोकांनी त्याला उचलून सावलीत नेलं, पण उपयोग झाला नाही. दुसऱ्या दिवशी बँडची तीन लग्नं होती, त्यामुळे त्याला न्यायच्या वेळी वाजवायला कुणी आलं नाही. चाळीस वर्षं लोकांची लेकरं वाजतगाजत सासरी पाठवणारा माणूस स्वतः मुकाट्यानं गेला.

दहाव्याच्या आधी कुसाबाई मला पदराखाली घेऊन बाजारात गेली. तिथं भांड्यांवर नावं घालणारा बसतो. ती म्हणाली, "ह्याच्यावर आमच्या ह्यांचं नाव घाला. नाथा कोंडाजी सोनवणे. एवढंच."

त्यानं मान हलवली आणि मशीन सुरू केलं. विधवा बाई दहाव्याच्या आधी आली की काय कोरायचं, हे त्याच्या हाताला पाठ होतं. सुई माझ्या अंगावर टोचत गेली. कुसाबाई चौथीपर्यंत शिकलेली आहे. तिनं एकेक अक्षर लावून वाचलं. 'कै. नाथा कोंडाजी सोनवणे'.

"हे नावाआधीचं मी नव्हतं सांगितलं," ती म्हणाली.

तो ओशाळला. "सवयीनं झालं, मावशी. खोडता येत नाय आता."

कुसाबाईनं पदरानं पितळेचा चुरा पुसला. "ऱ्हाऊंद्या. त्यांचंबी सवयीनंच झालं व्हतं."

दहाव्याला उज्वला आली होती. मांडणीसमोर उभी राहून तिनं माझ्यावरचं नाव बोटानं चाचपलं. मग म्हणाली, "काकू, मी त्या दिवशी बँडचं नाव लिहून घेतलं. काका, तुमचं स्वतःचं नाव काय, असं पुन्हा विचारायला मला किती वेळ लागला असता?"

कुसाबाई उठून चुलीपाशी गेली. तिनं चहा टाकला.

मित्रांनो, मला जपा, पुसा, असं मी सांगणार नाही. कुसाबाई मला दर अमावस्येला चिंचेनं घासते, मी लखलखीत आहे. माझं मागणं निराळं आहे. तुमच्या घरी कार्य निघेल, बँड येईल. वाजवणारा घाम पुसत बाजूला उभा राहील तेव्हा त्याच्याजवळ जा आणि त्याचं नाव विचारा. तो बँडचं नाव सांगेल. तिथून हलू नका. पुन्हा विचारा.