यू म्हणजे कोण?

पॉलिशच्या कामात घाई चालत नाही. एक हात मारला की तो वाळेपर्यंत खोलीत वारा नको, धूळ नको, माणसाची फार ये-जाही नको. पंखा बंद, खिडक्या बंद, आणि लाख विरघळवलेल्या स्पिरिटचा वास नाकात घर करून बसलेला. अशा वेळी पॉलिशवाल्यानं करायचं काय? बसायचं. कापडाचा बोळा झाकणाच्या डब्यात टाकायचा, भिंतीला पाठ टेकायची आणि बसायचं. आई होती तोवर बाबांचं हे बसणं गप्पांत निघून जायचं. आई गेली, आणि लाकडावरचा हात वाळायला फार वेळ घेऊ लागला.

कादंबऱ्यांचं सुरू झालं ते त्यातून.

लेक कॉलेजात इंग्रजी घेऊन बसली होती. या वर्षी तीन कादंबऱ्या नेमलेल्या. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच तासाला बजावलं होतं, "गोष्ट लिहून आणू नका. गोष्ट मला पाठ आहे. वाचून तुम्हाला काय वाटलं, ते आणा."

इथंच लेकीचं घोडं अडलं होतं. तिला काही वाटतच नव्हतं. आईला जाऊन वर्ष होत आलं, आत कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं झालं होतं. पुस्तक उघडायचं, ओळी डोळ्यांखालून जायच्या, पान उलटायचं. कोरा कागद कोराच. शेवटी एकदा बाबा भिंतीला टेकून नुसतेच समोर बघत बसलेले पाहून ती म्हणाली, "बाबा, वाचून दाखवू? मराठीत करून सांगते."

"सांग की. नाहीतरी लाकूड काही बोलत नाही."

मग रोज दुपारी घरातल्या त्या पुढच्या खोलीत, कुणाच्या तरी उलट्या ठेवलेल्या खुर्च्यांच्या मधे, ती इंग्रजी वाक्यं मराठीत उतरवून सांगू लागली. बाबा ऐकत, पण ऐकणारा गप्प बसेल तर तो माणूस कसला?

"कपाट महॉगनीचं म्हणतेस? आणि दिवाणखान्यात उन्हाला ठेवलंय? उतरलं त्याचं पॉलिश!"

"बाबा, तिथं त्या बाईचं सगळं आयुष्य चाललंय, आणि तुम्ही कपाट बघताय."

"बाईचं तू बघ. कपाटाचं बघणारं कोणीतरी नको का?"

पहिल्या कादंबरीत दोन बहिणी होत्या, मोठं घर होतं, आणि शेवटी त्या घरात राहायला कुणीच उरलं नाही. दुसरीत एका गावचा डॉक्टर होता. जगाला बरं करत फिरायचा आणि स्वतःच्या बायकोशी त्याचं पटायचं नाही. तोही गेला. बाबा चहाचा कप घेऊन बसले की आधी विचारायचे, "आज कोण मेलं?"

"आज कुणी नाही."

"मग उद्या दोन."

आणि खरंच, बहुधा तसंच व्हायचं. कॉलेजात तिच्या मैत्रिणी या मरणांना मोठमोठे शब्द लावत होत्या. लेक घरी येऊन साध्या मराठीत सांगायची, "बाबा, तो डॉक्टर गेला हो." बाबा कप खाली ठेवायचे. "चांगला होता बिचारा," म्हणायचे. तेवढ्यावर त्याचं सुतक संपायचं.

पण एक खोड बाबांना लागली होती. डॉक्टरची बायको नवऱ्याला काही म्हणाली की ते अडवायचे. "थांब. 'तू' म्हणाली, की 'तुम्ही'?"

पहिल्या वेळी लेक हसली. "इंग्रजीत तसलं नसतं, बाबा. सगळ्यांना यू. नवऱ्याला यू, पोराला यू, कुत्र्यालाही यू."

"आणि देवाला?"

"हल्ली देवालाही यूच."

"मग तू सांगताना 'तुम्ही' सांगितलंस, ते कुठून आणलंस?"

"मनानंच. बायको आहे ना, म्हणून."

"हं," बाबा म्हणाले. आणि डॉक्टर-बायकोचं जोरात वाजलं तेव्हा लेकीनं त्या बाईच्या तोंडी 'तू' घातला, तर बाबांनी मान हलवली. "राग आलाय तिला. नवऱ्याला तू म्हणजे आता तुटलंच." त्या दिवशी पुढचा हात त्यांनी इतका दाबून मारला की लाखेचा पट्टा उठला, आणि सगळं परत घासावं लागलं.

तिसरी कादंबरी दीपगृहाच्या रखवालदाराची होती. समुद्रात एक खडक, त्यावर दिवा, खाली दोन खोल्या. बायको आजारी. संध्याकाळ होत आली की त्याला जिने चढून दिवा लावावाच लागे; नाही लावला तर जहाजं फुटणार. लेकीनं ही गोष्ट मागे मागे ढकलली होती. आजारपणाची पानं आली की म्हणायची, आज डोकं दुखतंय. पण निबंध द्यायचा दिवस तोंडावर आला, आणि बाबांकडेही एका जेवणाच्या टेबलाचं काम आलं. फळी मोठी, वाळायला वेळ भरपूर. टाळायला जागा राहिली नाही.

त्या दुपारी तिनं पान उघडलं. खोलीत खिडकीच्या फटीतून एक उजेडाची रेघ टेबलावर आडवी पडली होती. बाबांनी नुकताच हात मारलेला. फळी ओली, पिवळसर, तिच्यात छत दिसत होतं.

"बाहेर अंधारून येतंय," लेक सांगू लागली. "तो तिच्या उशाशी बसलाय. त्याला उठवत नाही. ती भिंतीकडं तोंड करून पडलीय. आणि ती म्हणते..."

ती थांबली.

"काय म्हणते?"

"म्हणते, जा आता."

"कसं म्हणते? तू जा, की तुम्ही जा?"

"बाबा, यू आहे. सांगितलं ना तुम्हाला."

"नीट बघ. आजूबाजूला लिहिलं असेल काहीतरी."

"नाही लिहिलेलं."

"मग त्या माणसाला कळायचं कसं?" बाबांचा आवाज एकदम चढला. एरवी हा माणूस गिऱ्हाईक बोल बोल बोललं तरी चढवायचा नाही. "ती रागानं घालवतेय, की मायेनं, हे त्यानं ओळखायचं कशावरून? जिना चढताना त्याच्या डोक्यात काय असेल, हा विचार नको का करायला लिहिणाऱ्यानं?"

बाबांनी लाखेनं पिवळे झालेले हात मांडीवर पालथे ठेवले. मग त्या हातांकडे बघूनच बोलले.

"तुझी आई मला शेवटचं 'तू' म्हणाली."

लेकीच्या हातातलं पुस्तक मिटलं गेलं.

"सगळा संसार 'अहो' न् 'तुम्ही'त गेला तिचा. चिडवायचो मी. काम करता करता देवाची गाणी म्हणायची ना ती? त्यात देवाला 'तू', 'अरे', वाटेल ते. मी म्हणायचो, देवाला तू आणि मला तुम्ही, म्हणजे देव जवळचा आणि मी लांबचा का? तर म्हणायची, देवाला हाक पोचवायची तर ओरडावं लागतं, तुम्ही काय, इथंच बसलेले असता." बाबा हसल्यासारखं करून थांबले. "आणि त्या दिवशी म्हणाली, 'तू जा आता.' मी दवाखान्यात उशिरा पोचलो होतो. एका बंगल्यातल्या कपाटाचा शेवटचा हात होता; अर्ध्यात सोडला असता तर सांधा दिसला असता. म्हणून सोडला नाही. कपाट चांगलं झालं. तेव्हापासून मी हेच धरून बसलोय, की ती मला तोडून गेली."

आता त्या दिवशी काय झालं होतं, ते लेकीला माहीत होतं. म्हणजे, तिला वाटत होतं की माहीत आहे. दवाखान्यातली ती लांबट खोली. आई भिंतीकडं तोंड करून. उशाशी बाबा, मावशी बाहेर बाकावर, आणि बाबांच्या मागे लेक, खांद्याला पिशवी, कारण कॉलेजात इंग्रजीचाच पेपर होता. आई म्हणाली, "तू जा आता." आईनं 'तू' म्हणावं असं त्या खोलीत लेकीशिवाय कोण होतं? "येते गं," म्हणून ती निघाली. बाबाही उठले. तिला वाटलं, कामावर परत निघाले. बाबांना वाटलं, ही पेपरला निघाली. दोघं एकाच जिन्यानं खाली उतरली, आणि एकमेकांशी बोलली नाहीत. मग तासाभरानं आत बसलेली मावशी पाणी आणायला बाहेर गेली, तेवढ्यात आई गेली.

एका शब्दाला दोघं निघाली होती. आणि दोघांनी तो वर्षभर आपापल्या पदरात बांधून ठेवला होता, दुसऱ्याला न दाखवता.

तिच्याजवळ आईचं शेवटचं म्हणून तेवढंच होतं. जा, पेपर दे, माझ्यापाशी बसून तुझं नुकसान नको, असा त्याचा अर्थ तिनं लावला होता, आणि फार वाईट वाटलं की त्यालाच धरायची. आता 'बाबा, ते आई मला म्हणाली होती' एवढं सांगितलं की बाबांच्या मनातला काटा निघणार होता. पण काट्याबरोबर सगळंच निघणार होतं. मग त्यांना आईनं शेवटचं काय म्हटलं? काहीच नाही. उशिरा आलेला नवरा, लाखेचे हात, आणि त्याच्याकडं न बघता लेकीला दिलेला निरोप.

टेबलाची फळी अजून ओली होती. लेक फळीकडं बघत म्हणाली, "बाबा, आई तुमच्यावर रागावली की काय म्हणायची?"

"म्हणजे?"

"आठवा. तुम्ही जेवायला उशिरा आलात की?"

बाबांनी आठवलं. "'झालं का यायचं आपलं?'"

"आणि फारच रागावली की?"

"'आपण मोठी माणसं. आपल्याला कोण बोलणार!'" बाबांच्या तोंडी आईचा सूर हुबेहूब आला, आणि दोघंही जराशी दचकली.

"मग? राग आला की ती वर चढायची. तुम्हीवरून आपण. खाली कधी उतरली? घरात 'तू' कुणाला म्हणायची ती? देवाला आणि मला. रागात ती तुम्हाला 'तू' म्हणेल?"

बाबांचे ओठ हलत होते, जणू जुनी भांडणं एकेक काढून तपासत होते. मग त्यांनी पालथे हात उलटे केले, तळवे वर, आणि तसेच बसून राहिले. डोळ्यांतून पाणी निघालं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"म्हणजे देवाच्या रांगेत बसवलं म्हणायचं मला," शेवटी म्हणाले. "शेवटी शेवटी का होईना."

"हो, बाबा."

त्या 'हो'पर्यंत खोटं ती एकही अक्षर बोलली नव्हती. फक्त आईचं एक वाक्य होतं तिचं, ते आता तिचं राहिलं नाही.

"सांग पुढं," बाबा म्हणाले. "आणि त्या बाईला 'तू' म्हणू दे."

तिनं पान उघडलं. रखवालदाराच्या बायकोनं म्हटलं, "तू जा आता." हे म्हणताना लेकीचा आवाज फाटला, पण बाबा डोळे मिटून ऐकत होते, त्यांना तो आवाज आईचाच वाटला असेल. रखवालदार जिना चढून गेला, दिवा लागला, जहाजं सुखरूप गेली. खाली उतरला तेव्हा खोलीत त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं.

"चांगली होती बिचारी," बाबा म्हणाले आणि उठले. बोळा घेतला, पुढचा हात मारायला लागले. हात हलका पडत होता, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, न थांबता.

लेकीनं त्याच टेबलाशेजारी जमिनीवर बसून निबंध लिहिला. गोष्ट लिहिली नाही. इंग्रजीत लिहिलं की या तीनही पुस्तकांत माणसं जाताना कुणाला तरी यू म्हणतात, आणि इंग्रजीचं हे बरं आहे, खोलीत जेवढे असतील तेवढ्यांना ते पुरतं. मराठीत तसं होत नाही. मराठीत 'तू' एकालाच मिळतो. मग शेवटच्या ओळीत तिनं एक वाक्य लिहिलं: यू गेलीस तेव्हा मी पेपर लिहीत होते.

पुढच्या आठवड्यात कागद परत आला. मॅडमनी बरे गुण दिले होते. शेवटच्या ओळीतल्या 'यू'भोवती लाल गोल केला होता आणि समासात विचारलं होतं, इथं यू म्हणजे कोण? स्पष्ट नाही.

घरी बाबांनी विचारलं, "काय म्हणाल्या मॅडम?"

"चांगलं आहे म्हणाल्या."

"मग तोंड का असं?"

"वास," ती म्हणाली. "स्पिरिटचा. खिडकी उघडू का जरा?"

"हात ओला आहे गं. वाळू दे."

ती भिंतीला पाठ टेकून बसली.