क्लॅरी हॉगबेनचं चित्र

क्लॅरी हॉगबेनला आधुनिक माणूस करायचं, ही कल्पना मॉरीन पास्कोची. वॉरिंडेलच्या नगराध्यक्षाची, म्हणजे क्लॅरीची, प्रसिद्धी सांभाळणं हे तिचं काम होतं. क्लॅरी मूळचा मेंढ्यांचा लिलाव पुकारणारा. आवाज खणखणीत, पोट सुटलेलं, तोंड कधी बंद नाही. सिडनीचे पेपर त्याची टिंगल करायचे. मॉरीननं त्याला टोपी काढायला लावली, केस जरा वाढवायला लावले आणि नगरपालिकेच्या कलादालनासाठी एक अवाढव्य चित्र घ्यायला लावलं.

चित्र मेलबर्नच्या व्हेरा लुकाच नावाच्या चित्रकार बाईंचं. भिंतभर काळा रंग, त्यावर गेरूचे पट्टे, मध्येच एक पिवळी चीर. किंमत चाळीस हजार डॉलर.

"कुणी विचारलं, यात आहे काय, तर?" फोटोसाठी उभं राहताना क्लॅरीनं विचारलं.

"गूढ हसायचं. बाकीचं मी बघते."

फोटो सिडनीत छापून आला, टिंगल थांबली. पण त्याच उन्हाळ्यात गावातला पोहण्याचा तलाव तडकला आणि दुरुस्तीला पैसे नाहीत म्हणून बंद झाला. बेकरीच्या रांगेत मॉरीनच्या कानावर यायला लागलं, "पोरांना डुंबायला जागा नाही, आणि ह्यांना भिंतीला चाळीस हजारांचा रंग हवा!"

निवडणूक तोंडावर होती. मॉरीननं निवेदन तयार केलं: कलादालनाच्या समितीनं नगराध्यक्षांना अंधारात ठेवून खरेदी केली. ते दाखवायला ती क्लॅरीला शोधत निघाली, तर तो सापडला कलादालनात, चित्रासमोरच्या बाकावर.

"इथे काय करताय?"

"बसलोय."

"हे वाचा. समितीनं तुम्हाला अंधारात ठेवलं, असं म्हणायचंय."

"ठेवलं नव्हतं गं."

"ते मला माहीत नाही का!"

"बस जरा." ती बसली. तो समोर बघत म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीत येतो मी इथे. आधी वाटलं, वणवा लागून गेलेलं रान आहे. मग तेही वाटेनासं झालं. आता कशासारखंच वाटत नाही, पण उठवत नाही."

मॉरीननं बघितलं. तिला पट्टे दिसले.

"क्लॅरी, पडाल तुम्ही."

"पडेन बहुतेक," तो म्हणाला आणि कागद तिला परत दिला.

रेडिओवर त्याला तोच प्रश्न आला. "हॉगबेनसाहेब, त्या चित्रात नेमकं आहे तरी काय?" गूढ हसणं रेडिओवर दिसत नाही, पण क्लॅरी हसलाही नाही. तो विचार करत राहिला. काचेपलीकडून मॉरीन हातवारे करत होती. साऱ्या वॉरिंडेलनं ती शांतता ऐकली. शेवटी तो म्हणाला, "सांगता येत नाही. मला आवडतं."

क्लॅरीविरुद्ध उभ्या राहिलेल्या ट्रेव्हर बीझलीनं प्रचारात एकच सांगितलं: चित्र विकू, तलाव दुरुस्त करू. तो दणक्यात निवडून आला. त्यानं मॉरीनला कामावर ठेवलं, आणि तीही फार विचार न करता राहिली.

चित्र सिडनीच्या एका बिल्डरनं घेतलं. ते न्यायला ट्रक आला, त्या सकाळी ट्रकशेजारी बीझलीचा फोटो काढायचा होता. बीझलीला उशीर झाला. आला तो क्लॅरी.

"एक कोपरा मी धरू का?" त्यानं हमालांना विचारलं. कुणी नाही म्हटलं नाही.

ते चौघं चित्र घेऊन पायऱ्या उतरायला लागले. क्लॅरी उलटा चालत होता, पाय चाचपत. फोटोग्राफरनं कॅमेरा उचलला.

"तो नको," मॉरीन म्हणाली.

"अहो, हाच तर फोटो आहे!"

"म्हणूनच नको." ती सरळ त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि ट्रकचं दार लागेपर्यंत हलली नाही.

क्लॅरी हात झटकत तिच्याजवळ आला. त्याला धाप लागली होती.

"तुला कधी आवडलं का गं ते?"

"नाही."

"एकदाही नाही?"

"नाही, क्लॅरी."

"बरं," तो म्हणाला. त्याला राग आलेला दिसला नाही.

तेवढ्यात बीझलीची गाडी येऊन थांबली, आणि त्यानं कुठे उभं राहायचं ते सांगायला मॉरीन पुढे गेली.