इथे डास फार

"दिवा नको. दिव्याने काय मरतं ते बघितलंय मी," असे म्हणत कुलाशने पिशवीतून डासांच्या दिव्याखालचा प्लॅस्टिकचा ट्रे काढला आणि दुकानाच्या फळीवर पालथा केला. पतंग, हिरवे किडे, भातखाचरातली बारीक चिलटे आणि एक मोठा काळा भुंगा. "यातला डास दाखव मला."

पंप, नळ्या आणि खते विकणाऱ्या सापारने चष्मा लावला, बोटाने ढीग पसरला. "हा एक."

"तो भुंग्याचा पाय आहे."

"कुलाश-अपा, तुम्ही गिऱ्हाईक आहात की तपासणी पथक?"

"त्याआधी तू ती डबी दिलीस. म्हणे आवाज करते, माणसाला ऐकू येत नाही, डास पळतात. आमचा कुत्रा पळाला. डास तिच्यावरच बसले होते."

सापार हसला नाही. ती चिडलेली होती आणि तिसऱ्यांदा आली होती. तो आत गेला आणि घागरीएवढे एक यंत्र दोन्ही हातांनी उचलून घेऊन आला. मागे गॅसच्या सिलिंडरला जोडायची नळी, पुढे पंखा, पंख्यामागे जाळीची पिशवी.

"हा श्वास सोडतो," तो म्हणाला. "गॅस जाळून माणसासारखा वाफारा सोडतो, गरमही होतो. डासाला वाटतं, कुणीतरी झोपलंय. जवळ आला की पंखा त्याला आत ओढतो. वासाची एक कांडी येते बरोबर. ती संपली की अंगातला घामेजलेला कपडा बांधायचा. तोही तेवढंच काम करतो."

तिने किंमत विचारली आणि ऐकली.

"एवढ्यात मेंढी येते."

"मेंढी डास खात नाही, अपा."

कुलाशने मेंढी विकली.

तिच्या नवऱ्याला, ओरिनबायला, हे मुळीच पटले नव्हते. तो वाळलेले शेण बादलीत पेटवून अंगणात ठेवी आणि धुरात डोळे चोळत बसे. "माझ्या आजोबांनी हेच केलं, बापाने हेच केलं," तो म्हणाला. "आता बाईसाहेबांना यंत्र पाहिजे. तिच्या बापाच्या घरी डासांना चमच्याने खायला घालायचे वाटतं."

"तुझ्या धुराने पोराला खोकला येतो."

"आणि तुझ्या यंत्राने मेंढी गेली."

पोर म्हणजे एल्दोस. वय वर्षे पाच. त्यांचा मुलगा तालगात आणि सून मेरुएर्त यांचा पहिला मुलगा, म्हणून रीतीप्रमाणे आजी-आजोबांचा. चाळीस दिवसांचा होताच मेरुएर्तने त्याला कुलाशच्या मांडीवर ठेवले आणि अल्माटीला परत गेली. तो कुलाशला अपा म्हणे, जसे तालगात म्हणे, मेरुएर्त म्हणे आणि निम्मे गाव म्हणे. ज्या बाईने त्याला जन्म दिला तिला तो मेरु म्हणे. त्यात कुणाला काही वावगे वाटत नसे. दिलेले मूल परत मागायचे नसते, हेही कुणाला सांगावे लागत नसे.

पण गेल्या उन्हाळ्यात एल्दोसचे डोळे डासांनी सुजून मिटले होते. नदी जवळ, पलीकडे भातखाचरे, घरामागच्या कालव्याला बोरूचे रान. यंदा वसंतात मेरुएर्तचा फोन आला. "अपा, पुन्हा तसं झालं तर त्याला इकडे आणावं लागेल. डॉक्टर म्हणतात." आवाज मऊ होता. त्या दिवसापासून कुलाशच्या डोक्यात सापळ्याशिवाय दुसरे काही नव्हते. तालुक्याच्या इस्पितळात धुलाईखान्यात तिचे सगळे आयुष्य गेले होते. कोणता डाग कशाने जातो, हे तिला नुसते बघून कळे. एखादा डाग निघत नसेल तर दोष कापडाचा नाही, चुकीच्या औषधाचा, असे तिचे ठाम मत होते. डासांचेही तसेच असणार.

नवे यंत्र तिने अंगणातल्या लाकडी तापचानवर मांडले. उन्हाळाभर घरचे तिथेच जेवत आणि झोपत. तापचानच्या वरच्या बाजूला, जिथे पाहुण्याला बसवतात, तिथे तिने जाजम सरळ केले आणि यंत्र ठेवले. शेजारी एल्दोसची उशी.

सकाळी एल्दोसचा डावा डोळा मिटलेला होता. कानाची पाळी टोमॅटोसारखी झाली होती.

"अपा, तू दिसतेस पण अर्धीच," तो म्हणाला.

ओरिनबायने यंत्राकडे बघितले, मुलाकडे बघितले आणि शेणाची बादली आणायला उठला. आज तो काही बोललासुद्धा नाही, याचा कुलाशला जास्त राग आला. तिने सिलिंडरची तोटी इतक्या जोराने बंद केली की मनगट दुखले.

"ठेवलंत कुठे?" ती दुकानात येताच सापारने विचारले.

"तापचानवर. वरच्या बाजूला."

"पाहुण्याच्या जागेवर?"

"एक अख्खी मेंढी पडलीय त्याला. दारात उभं करू का?"

सापारने कपाळाला हात लावला. "अपा, तो डासांना बोलावतो. तुम्ही आजूबाजूच्या सगळ्या डासांना आवतण दिलंत आणि मुलाला पानात वाढलंत. तिकडे ठेवा, कालव्याकडे. बोरू आणि तुमच्या मधे. माणसांपासून लांब."

"मग हे आधी सांगायला तोंड शिवलं होतं तुझं?"

"डास पकडायचं यंत्र कुणी पाहुण्यासारखं बसवेल असं मला कसं वाटणार?"

तिने ते कालव्याकडे नेले. कांडीचा वास तिला खोटा वाटला, इस्पितळातल्या स्वस्त साबणासारखा. डासांनाही तो तसाच वाटत असावा; पिशवीत थोडेच सापडले. मग तिने एल्दोसच्या अंगातला निळा बनियन काढून घेतला. दिवसभर तो त्यात खेळला होता, धुरात बसला होता, एकदा वासराला मिठीही मारली होती. तो तिने यंत्राच्या मानेला बांधला.

दुसऱ्या सकाळी जाळीची पिशवी काळी झालेली होती. तिने ती उजेडात धरली. पतंग नाही, भुंगा नाही. फक्त डास, पाय दुमडून पडलेले, राखेसारखे हलके. ती एकटीच होती, तरी तिने आजूबाजूला बघितले. कुणाला तरी हे दाखवायला हवे होते.

पुढचे तीन आठवडे तिने यंत्र बंद पडू दिले नाही. वारा फिरला की जागा बदलली, वास उडाला की पुन्हा तोच बनियन एल्दोसच्या अंगावर दिवसभर घालून परत बांधला. डोळा उघडला. सूज गेली. संध्याकाळी तापचानवर चहा पिताना ओरिनबायचा हात दंडाकडे जाईनासा झाला. "आज वारा आहे," तो म्हणे. वारा नसे.

शनिवारी तालगातची गाडी आली. मेरुएर्तने बिनबाह्यांचा झगा घातला होता आणि कुलाशला ते बघून आनंद झाला. एरवी ती सुनेच्या दंडांकडे बघून कपाळाला आठी घाले. दूध घातलेला चहा झाला, तळलेले बाउर्साक झाले, सूर्य बोरूमागे गेला. मेरुएर्तचे दंड तसेच स्वच्छ राहिले.

"एकही नाही," तालगात म्हणाला. त्याचा आवाज आनंदाचा नव्हता.

कुलाश उठून जाळीची पिशवी घेऊन आली. "ही आजची. फक्त आजची. सुरुवातीला चूक झाली माझी, एकदा डोळा सुजला त्याचा, खोटं नाही बोलणार. पण आता बघ." तिने एल्दोसला पुढे ओढले आणि त्याचे तोंड उजेडाकडे फिरवले. "बघ, मेरु. एक डाग नाही."

मेरुएर्तने पिशवीकडे बघितले. मग ती पटकन कपबशा गोळा करून नळाकडे गेली.

कुलाश तिच्या मागे गेली. मेरुएर्त एकच बशी पुन्हा पुन्हा धूत होती.

"काय झालं?"

"काही नाही, अपा."

"ती बशी स्वच्छ झालीय."

मेरुएर्तने बशी ठेवली. "सप्टेंबरमध्ये तयारीचा वर्ग सुरू होतो. आमच्या घराशेजारीच शाळा आहे."

"नाव घातलंत?"

"मे महिन्यात."

मे महिन्यात सापारची पहिली डबीसुद्धा घरात आलेली नव्हती. कुलाशने नळ बंद केला.

"मग मला डास कशाला सांगितलेस? मी दुकानं पालथी घातली. मेंढी विकली. सापार मला हसला. म्हातारा हसला. साधं सांगता येत नव्हतं तुला?"

"काय सांगू?" मेरुएर्त मान खाली घालूनच बोलत होती. "मी स्वतः तुमच्या मांडीवर ठेवला त्याला. आता कोणत्या तोंडाने मागू? तो मला मेरु म्हणतो, अपा. फोनवर विचारतो, मेरु, तू कोण आहेस आमची?"

कुलाशच्या हातात अजून जाळीची पिशवी होती. ती तिने कचऱ्याच्या डब्यात झटकली. डास हलके असल्यामुळे थोडे तिच्याच पायांवर पडले.

दोघी तापचानवर परतल्या तेव्हा तालगात गुडघ्यावर हात ठेवून सरळ बसला होता, तोंडपाठ केलेले बोलायला बसावे तसा.

"अपा, आम्ही असा विचार केला की डासांमुळे..." त्याने स्वतःच्या दंडाकडे बघितले. दंडावर काही नव्हते. तो थांबला. मेरुएर्तने डोळे मिटले.

"घेऊन जा," कुलाश म्हणाली. "इथे डास फार आहेत."

ओरिनबायने तोंड उघडले. कुलाशने त्याच्याकडे बघितले आणि त्याने ते चहाच्या वाटीला लावले.

"फार आहेत," तो वाटी खाली ठेवत म्हणाला. "मी तर कंटाळलोय."

एल्दोसने सगळ्यांकडे आळीपाळीने बघितले. "कुठे आहेत?"

रविवारी दुपारी मेरुएर्तने त्याचे कपडे भरले. "अपा, त्याचा निळा बनियन दिसत नाही."

"धुवायला टाकलाय. राहू दे, तो आखूड झालाय आता."

गाडीत बसण्याआधी कुलाशने एल्दोसच्या कपाळाचा वास घेतला, इकडे नेहमी घेतात तसा, एकदा. धूळ मुख्य रस्त्याला लागेपर्यंत दोघे फाटकात उभे होते.

ऊन उतरल्यावर ती कालव्याकडे गेली. पंखा फिरत होता. तिने बनियन सोडला आणि डोक्यावरचा रुमाल काढून त्या जागी घट्ट बांधला.

ओरिनबाय तापचानवरची अंथरुणे काढत होता. अभ्रे, चादरी, धुवायचे सगळे त्याने टोपलीत भरले होते.

"यंत्र बंद करू का?" त्याने विचारले. "गॅस जातोय."

"चालू दे."

त्याने टोपली पुढे केली. "तेही टाक यात."

कुलाशने बनियनची घडी घातली, बाह्या आत, जशी तिने आयुष्यभर लोकांच्या धुतलेल्या कपड्यांची घातली होती, आणि तो तसाच हातात घेऊन टोपलीजवळून ती आत गेली.